इकडची नऊ तिकडे

"एजे, तुम्ही दार," असं थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हणून कुंदूझनं माझ्या गळ्यात दोरी अडकवली. दोरीला पांढरं कार्ड होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दार'. चारीच्या तोंडाशी चाकानं वरखाली करायचं लोखंडी दार असतं ना, ते. पाणीवाटप केंद्राची ज्येष्ठ प्रोग्रॅमर, वय वर्षं सत्तेचाळीस, बुरुल तुर्दुबायेव्ना भर बैठकीत दार झाली होती.

गेन्नादी पाकच्या गळ्यात 'चारी' होती. हा गेन्नादी माझ्या समोरच्या टेबलावर अकरा वर्षं बसतोय आणि इतक्या वर्षांत मी त्याला एकाही बैठकीत हसताना पाहिलं नव्हतं. आता हसून हसून त्याला चष्मा काढून पुसावा लागत होता.

"नियम सोपा आहे," कुंदूझ हातातला चेंडू उडवत म्हणाली. "चेंडू ज्याच्याकडे, त्यानंच बोलायचं. दुसऱ्याच्या कार्डावरचं काम आपण करायचं नाही, त्याला विचारायचं. चारी, सुरू कर."

"दारा दारा, मला पाणी पाहिजे," गेन्नादी म्हणाला आणि चेंडू माझ्याकडे फेकला.

"किती?"

"ते मला काय ठाऊक? शेताला विचारा."

"माझ्या कार्डावर शेताचं नाव नाही," मी म्हणाले. "मी शेताला ओळखत नाही. नाही सोडत पाणी." खरं तर मी मुद्दाम अडून बसले होते. खेळ मोडला तर मला हवंच होतं.

"बरोब्बर!" कुंदूझनं टाळी वाजवली. "एजेंनी पहिल्या मिनिटात भोक दाखवलं. दार आणि शेत यांच्या मधे कुणीतरी राहिलंय. कोण?"

खोडा घालायला गेले तर तिनं माझीच पाठ थोपटली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आणि माझं कार्ड कुठाय?"

आवाज भिंतीकडून आला. जोल्चू. साठीतला पाटकरी, सोकुलुककडच्या कालव्यावरचा. नियमाप्रमाणे शेतावरचा एक माणूस बैठकीला हवा म्हणून चौदा महिने तो माझ्या पूर्वतयारीच्या बैठकांना येत होता. गुडघ्यावर टोपी ठेवून हीटरला पाठ टेकून बसायचा, मी दाखवीन तिथं सही करायचा, कँटीनमध्ये लगमानच्या शेवया खायचा आणि गावाकडची गाडी पकडायचा.

"चारी हाय, दार हाय, शेत बी हाय," तो उठून उभा राहत म्हणाला. "दार काय आपोआप वर जातंय व्हय? कुणाच्या पाळीत कुणी पाणी वळवलं, कुणाच्या घरी लेकीचं लगीन हाय म्हणून पाळी मागं-पुढं केली, कुठल्या दोन भावांना एका दिवशी पाणी द्यायचं न्हाई, ते ह्या चारीला इचारणार का तुमी?"

कुंदूझनं कोरं कार्ड घेतलं, त्यावर 'पाटकरी' लिहिलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या गळ्यात घातलं. म्हाताऱ्यानं ते वाचलं, टोपी डोक्यावर चढवली आणि तो दीड तास बोलला. गेन्नादीची वही भरत आली.

माझ्या कपाटात तोपर्यंत एकशे चाळीस आकृत्या होत्या. त्यांत कालवा होता, चारी होती, दारांचे सतरा प्रकार होते. पाटकरी कुठंच नव्हता. चौदा महिने तो माझ्यापासून चार हातांवर बसला होता आणि मी त्याला फक्त पेन देत आले होते.

त्या दिवशी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की तो तिच्याशी बोलला, माझ्याशी नाही.

आता यात माझं काय अडलं होतं ते सांगते. अख्ख्या चू खोऱ्याच्या पाणीपाळ्यांचा प्रोग्रॅम करायचं काम आमच्या केंद्राला मिळालं होतं. बाहेरची मदत होती आणि मदत देणाऱ्यांची एक अट होती. काम कुठल्या पद्धतीनं करणार ते आधी ठरवा. निदान दोन पद्धतींची तुलना करा, तक्ता पाठवा, जी सरस ठरेल ती घ्या. जिची पद्धत सरस, ती प्रमुख होणार हे वेगळं सांगायची गरज नव्हती. कारण दोन पद्धती म्हणजे दोन बायकाच होत्या.

दोन्ही पद्धतींचा पाया एकच. प्रोग्रॅम म्हणजे वरपासून खालपर्यंत आज्ञांची यादी लिहायची नाही, एकमेकांशी बोलणाऱ्या वस्तूंचं गाव वसवायचं. भांडण होतं ते गाव कसं वसवायचं यावर. माझी पद्धत तीन जाड लाल पुस्तकांत होती, म्हणून केंद्रात तिला 'जाडी' म्हणत. आधी सगळं गाव कागदावर काढा, प्रत्येक घराची आकृती, प्रत्येक आकृतीवर सही, चार टप्पे, आणि मग पहिली वीट. ती पुस्तकं मी मॉस्कोच्या एका शिबिरातून झेरॉक्स करून आणली होती. दोन हिवाळे शब्दकोश मांडीवर घेऊन नऊशे पानं भाषांतर केली होती. आमच्या शहरात ती पद्धत म्हणजे मी होते.

कुंदूझची पद्धत बारीक पुस्तिकेत मावत होती. कार्डं, चेंडू, दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्या. थोडं बांधा, पाटकऱ्याला दाखवा, तो नाक मुरडेल ते पाडा, परत बांधा. सहा वर्षं जर्मनीत राहून ती हे शिकून आली होती आणि नुकतीच आमच्या केंद्रात रुजू झाली होती.

आणखीही बरंच काही घेऊन आली होती. बिनसाखरेची कॉफी. जिन्यावरून शीळ घालत चढायची सवय. आपली चूक झाली की "अरे, चुकलंच!" म्हणून मोकळं हसणं. मी आयुष्यात वरिष्ठांपुढे चूक कबूल केली की आठवडाभर जेवण जात नसे आणि ही बाई चुकून हसत होती आणि लोक तिला जवळ करत होते. ती मला थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणायची. तिनं एजे म्हटलं की मला माझे दुखरे गुडघे आठवायचे.

खरी मिरची झोंबायची ती याची की ती माझी विद्यार्थिनी होती. बारा वर्षांपूर्वी तंत्रनिकेतनात मी संध्याकाळचे वर्ग घ्यायचे, तेव्हा ही पहिल्या बाकावर बसायची. अंगात वडिलांचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. मी जे सांगेन ते शब्दशः लिहून घ्यायची. तिच्या हुशारीवर मी तेव्हा खूश होते. हुशारी बाकावर बसलेली असते तोवर बरी वाटते.

संचालक शेर्मात अकुनोविचनी मला खोलीत बोलावलं.

"बुरुल तुर्दुबायेव्ना, तुलनेचा तक्ता तुम्ही करा."

"मी? अहो, मी तर एका बाजूची."

"मी तेच म्हणालो. पण कुंदूझच हटून बसलीय. म्हणते, एजेंनीच करावा, त्यांच्या हातून तागडी झुकायची नाही." ते हसले. "बघा बुवा, मला तर असं माझ्या बायकोबद्दलही बोलता येणार नाही."

मी मान हलवली आणि बाहेर आले. विश्वास ठेवणारी माणसं किती उद्दाम असतात, असंच तेव्हा माझ्या मनात आलं. म्हणजे हिला हरायची भीतीसुद्धा नाही!

तक्ता मी प्रामाणिकपणे केला. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. अकरा मुद्दे काढले, प्रत्येकाला वजन दिलं, सगळी वजनं मिळून शंभर. कागदपत्रांची पूर्तता, आठ. शेतावरच्या माणसांचा सहभाग, पंधरा. कारण पाणी कागदावरून वाहत नाही, शेतातून वाहतं, हे मलाही कळतं. मग दोन्ही पद्धतींना दहापैकी गुण. तिच्या पद्धतीला सहभागात नऊ दिले, माझ्या जाडीला तीन. कागदपत्रांत जाडीला नऊ, तिला चार. असे अकरा मुद्दे झाले आणि बेरीज केली.

कार्डांची पद्धत, एकाहत्तर. जाडी, चौसष्ट.

परत केली. तेवढीच आली.

जेवणाची सुट्टी झाली होती. बाहेरून हसण्याचा आवाज आला म्हणून मी खिडकीशी गेले. अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली ते सगळे उभे होते. कुंदूझ, गेन्नादी, हिशेबनीस बायका, आणि मधे जोल्चू. म्हातारा गावाहून खास आला होता; बैठक नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं तिच्यासाठी दह्याचे वाळवलेले गोळे आणले होते. मूठभर तिच्या ओंजळीत घालत तो म्हणत होता, "ठेव गं पोरी, त्या जर्मनीत हे मिळालं नसंल तुला." गेन्नादीनं त्यातला एक तोंडात टाकला, तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली आणि सगळे पुन्हा हसले.

अकरा वर्षं मी गेन्नादीला चहा करून देत आले. चौदा महिने त्या म्हाताऱ्याचा प्रवासखर्चाचा अर्ज मी स्वतः भरत आले. माझ्यासाठी कुणी एक गोळासुद्धा आणला नव्हता. मी खिडकीचा कठडा घट्ट धरला. मला प्रमुखपद हवं होतं ते होतंच. पण त्या क्षणी मला ते अंगण हवं होतं.

मी टेबलाशी आले, खोडरबर घेतलं आणि पंधराची सहा केली. उरलेली नऊ कागदपत्रांकडे टाकली. आठाची सतरा झाली. बस. गुणाला हात लावला नाही. एकही चौकट खोटी नव्हती. मदत देणारे कागदावर चालतात, कागदपत्रांना वजन जास्त हवंच, असं मी स्वतःशी म्हणाले आणि ते तसं खोटंही नव्हतं.

जाडी, एकोणसत्तर पूर्णांक चार. कार्डांची पद्धत, साडेसहासष्ट.

शुक्रवारी बैठक झाली. शेर्मात अकुनोविचनी तक्ता वाचून दाखवला. निकाल ऐकून पहिल्यांदा गेन्नादी तडकला.

"हे काय? शेतावरच्या माणसांना शंभरात सहा? आणि कागदांना सतरा? अहो, आपण पाणी वाटतोय की फायली?"

"गेना, थांब," कुंदूझ म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, ते दिसत होतं. पण आवाज सरळ होता. "निकाल आवडला नाही म्हणून वजनांवर नाही बोलायचं. एजेंचा नियम तुला माहीत नाही. आम्हाला वर्गात पहिल्या दिवशी शिकवला होता त्यांनी. गुण द्यायच्या आधी वजनं लिहायची, पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं. नाहीतर माणूस आधी कोण जिंकावं ते ठरवतो आणि मग वजनं शोधतो. मी जर्मनीतसुद्धा सगळ्यांना हेच सांगायचे, आमच्या बाई असं करतात म्हणून." मग ती माझ्याकडे वळली. तिला शंका नव्हती. ती माझी बाजू मांडत होती. "वजनं आधीच लिहिली होती ना, एजे?"

"हो," मी म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," ती गेन्नादीला म्हणाली, आणि तिनं वही मिटली. टाळ्या वाजवायला पहिली सुरुवातही तिनंच केली.

शनिवार-रविवार मी घरात खिडक्या पुसल्या. जिंकल्याचा आनंद कुठंतरी असेल म्हणून शोधत होते. त्याऐवजी ते "मग प्रश्नच मिटला" कानात वाजत राहिलं. तिनं मला पकडलं असतं, भांडली असती, गावभर बोंब मारली असती, तर मी शंभर कारणं दिली असती. मला उत्तरं पाठ होती. पण तिनं माझ्या एका 'हो'वर विश्वास ठेवला. आणि खरं सांगायचं तर यातही मला तिचा हेवाच वाटला. इतकं सहज हरता यायला पाठीशी केवढं काही असावं लागत असेल!

सोमवारी मी शेर्मात अकुनोविचच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं. नऊ वजनं मी नंतर हलवली. खरा निकाल उलटा आहे.

त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"कुणाला सांगितलंत?"

"अजून कुणाला नाही."

"मग नका सांगू. तक्ता शुक्रवारीच रवाना झाला. शिक्का, सही, सगळं. आता काय कळवू, की आमच्या केंद्राला बेरीज येत नाही?"

"बेरीज बरोबर आहे. मी चूक आहे."

"बुरुल तुर्दुबायेव्ना, वजनं काय आकाशातून पडतात का? कुणीतरी बसून ठरवतंच. तुम्ही ठरवलीत. उद्यापासून तुम्ही प्रमुख. आणि त्या पोरीची काळजी करू नका, तिनं सकाळीच राजीनामा दिलाय. अल्माटीला चाललीय."

राजीनाम्याचं ऐकल्यावर माझ्या मनात काय आलं ते लिहायला नको, पण लिहिते. एक पळभर मला हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच किळस आली.

दुपारी मी तिच्या घरी गेले. शहराच्या कडेला, नवीन वस्तीत. दाराशी तिची आई आली, मला ओळखून तिनं दोन्ही हातांत माझा हात धरला. "बाई आल्या! अगं, कुंदूझ, बाई आल्यात बघ!" तिनं मला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागी बसवलं, पाठीशी दोन उशा लावल्या, जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरलं, समोर नान तोडून ठेवला. "रोज तुमचं नाव निघतं हो घरात. लहानपणी हिचे वडील गेले, कुणाचं ऐकायची नाही. तुमचं ऐकायची." असं म्हणून ती बोर्सोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळायला स्वयंपाकघरात गेली.

कुंदूझ चहा ओतायला बसली. घरातली धाकटी बाई ओतते. पाहुण्याला मान द्यायचा तर आमच्याकडे प्याल्यात थोडासाच चहा ओततात, अर्ध्याहून कमी. संपला की परत थोडा, परत थोडा. म्हणजे बसा, घाई नाही, तुम्हाला वाढायला आम्हाला आवडतंय. तिनं दोन घोट ओतले आणि प्याला माझ्या हातात दिला. ते पिऊन झाले, पुन्हा दोन घोट ओतले.

"राजीनाम्याचं कळलं असेल तुम्हाला," ती म्हणाली. "रागावून नाही चालले हं एजे. तुमच्या हाताखाली मी आनंदानं राहिले असते. पण जाडीत मला श्वास नाही घेता येत. तुम्ही कशा घेता देव जाणे." आणि हसली.

"कुंदूझ, वजनं मी आधी लिहिली नव्हती."

ती प्याला पुसत होती. पुसत राहिली.

"म्हणजे लिहिली होती," मी म्हणाले, "पण नंतर बदलली. बेरीज बघून. तू जिंकली होतीस."

"किती हलवली?"

"नऊ."

"सहभागातली कागदपत्रांकडे?"

"हो."

तिनं मनात हिशेब केला असावा. तिचे ओठ जरा हलले. "हं. तेवढीच पुरतात," ती म्हणाली.

"मी शेर्मातना सांगितलं सकाळी. ते ऐकत नाहीत. तू म्हणशील तर मदत देणाऱ्यांना मी स्वतः लिहीन. सहीनिशी."

"का हलवलीत?"

मी दुसरं काही सांगू शकले असते. "तू अंगणात हसत होतीस," मी म्हणाले. "जोल्चूनं तुला दह्याचे गोळे आणले होते. मला कधी नाही आणले."

तिला हसू येईल, किंवा माझी दया येईल, असं मला वाटलं. दया आली असती तरी चाललं असतं मला.

"नऊ वजनांचं सोडा हो," ती हळू म्हणाली. "मी पण माणूस आहे, माझाही हात कधी हलला असता. पण मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं. गेनाला गप्प बसवून विचारलं. तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणालात."

"हो."

"इतकी वर्षं मी तुमचं नाव सांगून लोकांना शिकवत होते, एजे."

बोर्सोकांचं ताट घेऊन तिची आई आत आली. "घ्या बाई, गरम गरम. अगं, बाईंचा प्याला रिकामा दिसतोय, लक्ष कुठाय तुझं?"

कुंदूझनं माझा प्याला घेतला. चहा ओतला, आणि ओततच राहिली. अर्ध्यावर थांबली नाही, पाऊणवर थांबली नाही. काठापर्यंत भरला, वर गोल फुगवटा येईपर्यंत. मग दोन्ही हातांनी, अगदी रीतीप्रमाणे, मान किंचित झुकवून तिनं तो माझ्यापुढे धरला.

आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "अगं, काय करतेस हे? बाई आत्ताच तर आल्यात..."

"बाईंना निघायचंय, आई," कुंदूझ म्हणाली.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. बोटं पोळत होती. आईनं माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि ताट खाली ठेवून ती उगाचच उशा सारख्या करायला लागली. दिलेला प्याला अर्धा टाकून उठायचं नसतं. म्हणून मी तो पूर्ण प्यायले, थेंबही दस्तरखानावर सांडू न देता, आणि मग उठले.